आधी गाडीखाली बघा

पावसाळा तोंडावर आला की मला येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एप्रिल-मेमध्ये सगळे एसी आणि ॲव्हरेज विचारतात. जून जवळ आला की मग, "आप्पा, गाडी ठेवू की काढू?" आपल्याकडे नवी गाडी घेतली तरी 'गाडी काढली' म्हणतात आणि जुनी विकून टाकली तरी 'काढली'च म्हणतात, त्यामुळे पत्र पूर्ण वाचेपर्यंत मला पत्ता लागत नाही की अभिनंदन करायचं की सांत्वन. या महिन्यात तीन पत्रं घेतलीत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, बाकीच्या दोघांनी समजून घ्यावं. गाडीची कंपनी आणि मॉडेल नेहमीप्रमाणे छापलेलं नाही. कराडला 36 वर्षं गॅरेज चालवल्यावर माझं मत असं झालंय की गाडी कुणी बनवली यापेक्षा ती कुणाच्या हातात होती याला जास्त महत्त्व असतं.

पत्र पहिलं

आप्पा, नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, वय 62. आमची हजार सीसीची छोटी पेट्रोल गाडी ऑगस्ट 2011 ची आहे. वयाच्या 47व्या वर्षी मी हिच्यावरच गाडी शिकले. यजमानांना डोळ्यांचा त्रास, ते चालवत नाहीत. आतापर्यंत 1 लाख 12 हजार किलोमीटर झालेत. आठवड्यातून एकदा गुहागरला आईकडे जाते, बाकी बाजार, बँक, दवाखाना. महिन्याला पाचशेच्या आसपास किलोमीटर होतात.

2021 च्या जुलैतल्या पुरात गाडी रात्रभर पाण्यात होती. पाणी सीटच्या वर गेलं होतं. आम्ही चावी लावली नाही, ओढूनच नेली. सीटा, कार्पेट, वायरिंगचं काम केलं आणि तेव्हापासून तिने तक्रार केलेली नाही.

आता गॅरेजवाल्याने एस्टिमेट दिलंय: क्लच सेट 9 हजार, लोअर आर्म-बुश-शॉकअप मिळून 16 हजार, एसीचा कॉम्प्रेसर आणि कॉइल 18 हजार, दोन्ही बाजूंच्या दारांखालच्या रनिंग बोर्डचं पत्राकाम आणि रंग 15 हजार, चार टायर 14 हजार. एकूण 72 हजार. एजंट गाडीचे 70 हजार द्यायला तयार आहे. पुण्यातला मुलगा म्हणतो, गाडीच्या किमतीएवढी दुरुस्ती कोण करतं, दे भंगारात, नवीन घेऊ, हप्ते मी भरतो. शेजारी म्हणतात, 15 वर्षं झाली की सरकार ठेवूच देत नाही. मला ही गाडी हाताला बसलीये, पण केवळ त्यासाठी पैसे घालणं मनाला पटत नाही. काय करावं?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर

बाई, नमस्कार. पुराच्या पाण्यातून निघालेल्या गाडीला चावी न लावणारी माणसं मी फार थोडी पाहिलीत. अशा वेळी स्टार्टर मारला तर इंजिनात गेलेलं पाणी दबत नाही, पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. 'बघू तरी चालू होते का' म्हणून अनेकांनी आपली धडधाकट इंजिनं त्या एका क्षणात घालवली. तुमचं इंजिन आज ठीक आहे ते त्या दिवशी तुम्ही हात आवरला म्हणून.

आता 72 आणि 70. 'गाडीच्या किमतीएवढी दुरुस्ती कोण करतं' हे वाक्य माझ्या गॅरेजच्या बाकड्यावर इतक्या वेळा बोललं गेलंय की बाकड्यालाही पाठ असेल. ऐकायला ते बिनतोड वाटतं. पण त्यात दोन आकडे समोरासमोर उभे केलेत ज्यांचा एकमेकांशी सामना नाहीच. गाडी दिली तर तुमच्या हातात एजंटचे 70 हजार येतील आणि दुरुस्तीचे 72 हजार वाचतील. म्हणजे 1 लाख 42 हजार. हे पैसे घेऊन बाजारात जा आणि बघा, तुमच्या या गाडीहून बरी गाडी मिळते का. मिळाली तर माझं पुढचं काही वाचू नका, घेऊन टाका. पण त्या पैशात जी मिळेल तीसुद्धा कुणीतरी असल्याच एस्टिमेटला घाबरून काढलेली असणार. तुमच्या गाडीचं दुखणं तुम्हाला तारखेसकट माहीत आहे. तिचं दुखणं तुम्हाला तिसऱ्या महिन्यात कळेल.

एवढं बोलून मी तुम्हाला 'दुरुस्त करा' म्हणेन असं वाटलं असेल. अजून नाही म्हणत. कारण तुमच्या एस्टिमेटमधली चौथी ओळ, रनिंग बोर्डची, मला टोचतेय.

एक जुनी गोष्ट सांगतो, माझ्या चुकीची आहे. 1994 साली पाटणचे एक व्यापारी जुनी सेडान घेऊन आले. निळा धूर, ऑइल पिते, पिकअप नाही. मी इंजिन उतरवलं, बोअर केलं, रिंग-पिस्टन नवीन टाकले, बिल झालं साडेअकरा हजार. त्या काळात ही मोठी रक्कम होती. इंजिन असं गोड चालायला लागलं की मीच दोन चकरा जास्त मारल्या. नवव्या दिवशी ते गृहस्थ एसटीने आले. आरडाओरडा नाही, काही नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू टेबलावर ठेवली. उलगडून बघतो तर मागच्या पाट्याचा, म्हणजे स्प्रिंगचा, हँगर, आणि त्याला चिकटून आलेला वीतभर पत्रा. पापडासारखा. बोटाने दाबला की चुरा होत होता. खड्ड्यात आपटली आणि हँगर तळाच्या पत्र्यासकट उखडला होता. इंजिन उतरवताना गाडी माझ्याच पिटवर चार दिवस उभी होती हो, पण मी वर बघितलं ते इंजिनाकडेच, कारण मला काम इंजिनाचं मिळालं होतं. मजुरीचे पैसे मी परत केले. गाडी भंगारात गेली, नव्या रिंग-पिस्टनसकट.

तेव्हापासून कुणीही ठेवू-की-काढू विचारलं की मी आधी जॅक लावतो. क्लच बदलता येतो, इंजिन बांधता येतं, गिअरबॉक्स दुसरा मिळतो. पण आताच्या बहुतेक गाड्यांना वेगळी चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नसते, पत्रा हीच चेसिस. तो मुळातून गेला की त्यावर बसवलेल्या प्रत्येक नव्या पार्टचे पैसे पाण्यात.

तुमची गाडी तर पाण्यातूनच आलेली. पुराचं पाणी ओसरतं, गाळ ओसरत नाही. रनिंग बोर्ड आतून पोकळ असतो, पेटीसारखा. पाणी निथळावं म्हणून त्याला खाली छोटी भोकं असतात. गाळाने ती बुजतात, आणि तो गाळ दर पावसाळ्यात ओला होत राहतो. वरून रंग छान, आतून पाच वर्षं सड चालू. त्यात तुमची कोकणची हवा, आणि गुहागर तर समुद्रालाच लागून.

म्हणून एक काम करा. तुमच्या गॅरेजवाल्याला सांगा, आधी गाडी लिफ्टवर किंवा पिटवर घ्या, मला स्वतःला खाली उतरून बघायचंय. साडी-ड्रेसची काळजी न करता उतरा. टॉर्च घ्या, एक मोठा स्क्रूड्रायव्हर घ्या. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने रनिंग बोर्डवर पुढून मागे ठोकत जा. चांगला पत्रा ठण्ण वाजतो. सडलेला किंवा लांबी (रंगाखाली थापतात ते पोटीन) भरलेला पत्रा बद्द वाजतो, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. शंका आली तर फ्रिजवरचं चुंबक आणा, लांबीवर ते चिकटत नाही. मग जॅक लावायच्या चारही जागा बघा. जॅक वर जातोय पण गाडी वर न जाता पत्रा आत दबतोय, असं झालं तर समजायचं ते समजा. त्यानंतर मागचा ॲक्सल जिथे बॉडीला धरलेला असतो ती जागा, आणि बॉनेट उघडून पुढच्या शॉकअपचा वरचा टोप जिथे बसतो तिथला पत्रा. तिथे नखाने खरवडून खपल्या निघतात का बघा. शेवटी पायाखालचं कार्पेट उचला. ही कामं दहा मिनिटांची आहेत.

नुसतं रनिंग बोर्डचं बाहेरचं तोंड खाल्लेलं असेल तर 15 हजारांत ते कापून नवीन पत्रा वेल्ड करून मिळेल, खुशाल करा. मात्र 'कापून' हा शब्द महत्त्वाचा. वरून पत्रा ठोकून लांबी आणि रंग मारणार असेल तर पंधरा काय, पंधराशेसुद्धा देऊ नका. वेल्डिंगनंतर आतून अँटी-रस्ट मारून घ्या आणि निथळायची भोकं तारेने मोकळी करून घ्या. आणि जर सड ॲक्सलच्या किंवा शॉकअपच्या जागेपर्यंत पोचलेली असेल, तर बाई, 72 हजारांतला एक रुपयाही घालू नका. परशुराम घाटात ती गाडी नको.

पत्रा पास झाला असं धरून पुढे जातो.

टायर आणि सस्पेन्शन यांत कंजुषी नाही. फक्त टायरची तारीख बघा. टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात. 2319 असेल तर 2019 सालचा 23वा आठवडा. तुमच्या महिना पाचशे किलोमीटरमध्ये टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. दोनच टायर जुने असतील तर दोनच बदला. नवीन घेताना दुकानदाराला ताज्या तारखेचे मागा, लाजू नका. क्लचही करावाच लागेल, चढावर गाडी नुसतीच गुरगुरते आणि पुढे सरकत नाही असं होत असणार.

एसीला मात्र मी हात आखडता घ्यायला सांगेन. 18 हजार ही कॉम्प्रेसर आणि कॉइल दोन्ही बदलायची किंमत आहे, आणि दोन्ही एकदम जाणं मी क्वचित पाहिलंय. गॅस आधी कुठून गळतोय ते नायट्रोजन भरून बघायला सांगा. कधी एक पाइप असतो, कधी कंडेन्सर, कधी कॉम्प्रेसरचा नुसता मॅग्नेट क्लच. निम्म्याहून कमी पैशात भागू शकतं. 'एसी नकोच, खिडक्या उघडू' असं मात्र म्हणू नका. घाटावरचे लोक एसीला चैन समजतात. कोकणात जुलैमध्ये काच आतून धुरकट होते ती एसीशिवाय साफ होत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

एस्टिमेटमध्ये नसलेलं एक काम मी घालतो: पेट्रोलचे रबरी पाइप बदलून घ्या. पंपावर आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. 2011 च्या गाडीतलं रबर त्या हिशेबाने बनवलेलं नव्हतं, आणि तसंही पंधरा वर्षांचं रबर ते. खर्च किरकोळ आहे.

सगळं धरून तुमचं काम 55 ते 58 हजारांत बसावं. तीन वर्षं गाडी वापरली तर महिन्याला सोळाशेच्या आसपास. मुलगा नवीन गाडीसाठी समजा 5 लाखांचं कर्ज काढेल, 9 टक्के व्याज, 5 वर्षं, तर हप्ता येतो 10 हजार 380 च्या घरात. वर फुल इन्शुरन्स. महिन्याला पाचशे किलोमीटरसाठी.

एकच, ही दुरुस्ती चालवायला करा. आज दुरुस्त करून सहा महिन्यांत विकायची असेल तर अजिबात करू नका. एजंट नव्या क्लचचे पैसे देत नसतो. तो टायर बघतो, पत्रा ठोकतो आणि मीटर वाचतो.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर ते दिल्लीची गोष्ट चिपळूणला सांगतायत. डिझेल 10 वर्षं, पेट्रोल 15 वर्षं हे बंधन दिल्ली आणि तिच्या आसपासच्या प्रदेशासाठी आलं. सरकारच्या स्वतःच्या मालकीच्या 15 वर्षांवरच्या गाड्या एप्रिल 2023 पासून बाद झाल्या, तीही बातमी लोकांनी अर्धीच वाचली. तुमची खासगी गाडी महाराष्ट्रात 15 वर्षांनी तपासून घ्यायची असते. पास झाली की नोंदणी आणखी 5 वर्षं पुढे जाते. त्यासाठी फॉर्म 25. मुदत संपायच्या आधीच्या 60 दिवसांत अर्ज करता येतो, म्हणजे तुमच्यासाठी जून-जुलै. पूर्वी याची फी 600 रुपये होती, एप्रिल 2022 पासून 15 वर्षांवरच्या कारला 5 हजार झाली. वर पर्यावरण कर. फीचे आकडे अधूनमधून बदलतात, म्हणून भरायच्या दिवशी परिवहनच्या पोर्टलवर दिसेल तो आकडा खरा. अर्जाला उशीर केला तर कारला महिन्याला 500 रुपये जास्तीचे पडतात. इन्शुरन्स, पीयूसी, नवीन सुरक्षा नंबर प्लेट तयार ठेवा, आणि चलान थकलं असेल तर आधी भरा. दुरुस्ती आधी, पासिंग नंतर. उलटं केलंत तर इन्स्पेक्टर टायर बघूनच परत पाठवील.

इन्शुरन्सचं थोडक्यात. गाडीची विम्यातली किंमत 60 हजार धरली आणि अपघातानंतर दुरुस्ती तिच्या 75 टक्क्यांवर, म्हणजे 45 हजारांवर गेली, की कंपनी टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं, धरते. बॉनेट, रेडिएटर, दोन हेडलाइट एवढ्यात तो आकडा गाठला जातो. म्हणून या वयाच्या गाडीला मी एरवी थर्ड पार्टी (फक्त दुसऱ्याचं नुकसान भरणारा विमा) आणि मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा एवढंच सांगतो. पण थर्ड पार्टीत पूर येत नाही आणि तुमचं गाव चिपळूण. दोन्ही प्रीमियम मागवून फरक बघा. अडीच-तीन हजारांचा असेल तर फुल घ्या.

आता मुलाच्या बाजूने एक मुद्दा बोलतो, जो त्याने मांडलाच नाही. 2011 च्या छोट्या गाड्यांत एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) बहुतेक नसायचे. एबीएस सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं ते 2019 मध्ये, पुढच्या दोन्ही एअरबॅग त्यानंतर. बासष्टाव्या वर्षी दर आठवड्याला नव्वद किलोमीटर, तेही पावसात, हा विचार करण्यासारखा मुद्दा आहे. बिलाच्या भीतीने गाडी बदलू नका. पण तुमच्या काळजीपोटी मुलगा बदलून देत असेल तर त्याला फटकन नाही म्हणू नका. मला विचाराल तर पत्रा पास झाल्यास दुरुस्त करा, दोन-तीन पावसाळे काढा, तोवर मुलाला म्हणावं हप्त्याएवढे पैसे बाजूला टाकत जा. मग रोखीने घ्या, एअरबॅगवाली.

पत्र दुसरं

आप्पा, माझी 12 वर्षांची डिझेल गाडी मी आठ महिन्यांपूर्वी एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला विकली. पैसे मिळाले, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून दिल्या. आता दर महिन्याला वेगाची चलानं माझ्या मोबाइलवर येतात. व्यापारी म्हणतो, गाडी पुढे दिली, होईल ट्रान्स्फर. मी कटकटीतून सुटलो का अडकलो?
— एक तरुण वाचक, नाशिक

उत्तर

अडकलात. चलान ही त्यातली सर्वांत स्वस्त भानगड. तुमच्या त्या गाडीने उद्या कुणाला उडवलं आणि तिचा इन्शुरन्स संपलेला निघाला, तर भरपाईच्या नोटिशीवर तुमचं नाव असेल. गाडी हातोहात कितीही जणांकडे फिरली तरी आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव तो मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्वच्छ सांगितलंय. त्या प्रकरणातही गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे अशी गेलेली होती.

कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देणं ही आपल्याकडची जुनी खोड. फॉर्म 29 हा मुळात व्यापाऱ्याला द्यायचा कागद नाही, विकणाऱ्याने आरटीओला कळवायचा कागद आहे. गाडी राज्यातच विकली असेल तर 14 दिवसांत. तुम्ही कळवण्याचं काम ज्याला कळवायला नको होतं त्याच्यावर सोडलंत.

आज करायचं ते असं. व्यापाऱ्याला लेखी नोटीस, स्पीड पोस्टाने, पैसे मिळाल्याची बँकेची नोंद आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख घालून. तेच पत्र तुमच्या आरटीओला, पोच घेऊन. पोर्टलवर तुमच्या नावची गाडीची नोंद आणि इन्शुरन्सची तारीख तपासा. इन्शुरन्स संपला असेल तर, कडू लागेल पण, थर्ड पार्टी स्वतःच्या पैशाने भरा, नाव बदलेपर्यंत तरी. गाडी सध्या कुणाकडे आहे ते चलानावरच्या फोटोवरून आणि ठिकाणावरून पुष्कळदा कळतं. व्यापारी तरीही हललाच नाही तर पोलीस ठाण्यात अर्ज. आणि फास्टॅग बंद केलाय ना? मी विचारतो त्यातले निम्मे लोक कपाळावर हात मारतात.

पुढच्या वेळी व्यापाऱ्याला त्याचं आरटीओचं प्राधिकारपत्र मागा. एप्रिल 2023 पासून अधिकृत व्यापाऱ्याने गाडी घेतली की फॉर्म 29-सी ऑनलाइन भरला जातो, आणि तिथून गाडी विकली जाईपर्यंत जबाबदारी त्याची. त्या कागदाला तो टाळाटाळ करायला लागला तर दोन-चार हजार कमी देणारा दुसरा बघा. आणि हो, तुमचा नो-क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) गाडीबरोबर गेला नाही, तो तुमचा आहे. विमा कंपनीकडून तसं पत्र घ्या, 3 वर्षांत नवीन गाडी घेतलीत तर कामाला येईल. हेच काय ते गोड.

पत्र तिसरं

माझे वडील 2019 मध्ये गेले. त्यांची 1998 ची गाडी तेव्हापासून अंगणात उभी आहे. टायर जमिनीला लागलेत, आत मांजरीने पिल्लं घातली. भंगारवाला 18 हजार म्हणतोय आणि उद्याच कापून नेतो म्हणतो. आई रोज सकाळी तिच्यावर पाणी मारून फडकं फिरवते. दुरुस्त करून चालू करावी का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर

नाही. सात वर्षं उभी राहिलेल्या गाडीचं पेट्रोल टाकीतच सडून चिकट होतं, ब्रेकचे सिलिंडर अडकतात, वायरिंग उंदरांनी केव्हाच संपवलेलं असतं. चालू होईल. पण ती गाडी बाबांनी चालवलेली उरणार नाही आणि खर्चही थांबणार नाही.

भंगारवाल्याला उद्या नको म्हणा. गाडी कापली तरी आरटीओत ती जिवंतच राहते, आणि चेसिस नंबरचा तुकडा आणि आरसी बुक चुकीच्या हातात गेलं तर तुमच्या वडिलांच्या नावावर चोरीची गाडी फिरू शकते. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्राकडे द्या. गाडी वडिलांच्या नावावर असल्यामुळे मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद लागतील. तिथून 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' मिळतं. ते दाखवून घरात कुणी नवी गाडी घेतली तर नोंदणी फी माफ होते आणि वाहनकरात सूट मिळते. केंद्राच्या नियमात खासगी गाडीला ती 25 टक्क्यांपर्यंत आहे, राज्य किती देतं ते त्या वेळी विचारा. घरात कुणाला गाडी घ्यायची नसेल तर ते सर्टिफिकेट दुसऱ्याला विकताही येतं. म्हणून भंगारवाल्याचे 18 आणि केंद्राचा वजनावरचा भाव यांची तुलना करताना हा कागद विसरू नका.

आईला आधी विचारा, मग तारीख ठरवा. गाडी न्यायच्या आदल्या दिवशी सीटा काढा. माझ्या गॅरेजमध्ये भंगारात जाणाऱ्या गाड्यांच्या सीटखाली काय काय निघालंय: लहान मुलीचं पैंजण, दहावीचं हॉल तिकीट, एकदा तर न टाकलेलं आंतरदेशीय पत्र. डॅशबोर्डवरचा गणपती गोंदाने चिकटवलेला असेल तर ओढू नका, तुटतो. हेअर ड्रायरने दोन मिनिटं गरम हवा मारा, अलगद सुटेल. मांजरीची पिल्लं मोठी होऊन गेलीत ना, तेवढं बघा.